रक्तपेढीचे दार वाजवणारा डबा

मित्रांनो, रक्तपेढीच्या ऑफिसात खिडकीच्या वर एक फळी आहे. त्या फळीवर जुन्या रजिस्टरांच्या गठ्ठ्याला टेकून जो काळा डबा धूळ खात पडला आहे, तो मी. जवळून पाहिलेत तर एक बारीक हिरवा दिवा लुकलुकताना दिसेल. म्हणजे मी अजून चालू आहे. चालू असून कुणाच्या उपयोगी पडत नाही, हेच माझे दुखणे आहे आणि तेच मी तुम्हाला सांगणार आहे.

मी एक लहानसा संगणक. माझ्यासारखी शेकडो भावंडे एकाच दिवशी एकाच कारखान्यात जन्मली आणि त्याच आठवड्यात चहूकडे पांगली. माझ्या वाट्याला आला रक्तपेढीचा बाहेरचा हॉल. तिथे रक्त द्यायला येणाऱ्यांचे नंबर मोठ्या पडद्यावर दाखवायचे, एवढेच माझे काम होते. पाच वर्षांनी तो पडदा फुटला आणि पडद्याबरोबर मलाही भंगारात काढले. सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात, तसे झाले.

मला वाचवले खटपटेकाकांनी. त्यांचे खरे आडनाव वेगळेच होते, पण ते फक्त पगारपत्रकावर उरले होते. रक्तपेढीतले सगळे संगणक हा एकटा माणूस सांभाळायचा. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी पेचकस, आणि सदा कुठल्यातरी टेबलाखाली वाकलेले. त्यांनी मला भंगाराच्या खोक्यातून उचलले, फुंकर मारून धूळ उडवली आणि म्हणाले, "तुला अजून खूप काम आहे रे बाबा."

ते काम काय, ते नीट ऐका. आमच्या रक्तपेढीला बारा हॉस्पिटले जोडलेली आहेत. कुणाला रक्त लागले की तिथली नर्स आपल्या संगणकावरून आमच्या मोठ्या संगणकाला विचारते, अमुक गटाच्या पिशव्या आहेत का? आमचा संगणक क्षणात उत्तर देतो आणि तिथल्या तिथे मागणीही नोंदवून घेतो. हा विचारण्याचा दरवाजा बंद पडला तर काय होईल, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. त्या दरवाजाची राखण काकांनी माझ्यावर सोपवली.

राखणीची त्यांची पद्धत न्यारी होती. ते म्हणायचे, मोठ्या संगणकाच्या पोटात काय चालले आहे ते तू बघूच नकोस. त्याला बंद पेटी समज. तू परक्या माणसासारखा बाहेरून जा, दार वाजव आणि कोण काय उत्तर देते ते ऐक. म्हणून त्यांनी मला ऑफिसच्या तारेला जोडलेच नाही. मोबाईलचे वेगळे कार्ड दिले, म्हणजे मला दार तसेच दिसावे जसे दूरच्या नर्सला दिसते. किती वेळाने दार वाजवायचे, उत्तराची किती वाट बघायची, हे त्यांनी एकेक ओळ लिहून मला शिकवले. नुसते दार उघडले म्हणजे झाले, असेही नाही. उत्तरात पिशव्यांचा आकडा असलाच पाहिजे. तो नसेल तर ओरडायचे.

आणखी एक गोष्ट तपासायची होती. दारावर आमच्या संगणकाचे ओळखपत्र असते, त्याला सगळे सर्टिफिकेट म्हणतात. ते बघूनच हॉस्पिटलांचे संगणक ओळखतात की ही खरीच रक्तपेढी आहे, कुणी तोतया नाही. त्या सर्टिफिकेटची मुदत वर्षाची. मुदत टळली की हॉस्पिटलांचे संगणक पाठ फिरवतात, कितीही गयावया केली तरी बोलत नाहीत. म्हणून मुदत संपायला तीस दिवस उरले की मी ऑफिसने काकांना दिलेल्या मोबाईल फोनवर रोज एक निरोप पाठवायचा, असे ठरले. नवे सर्टिफिकेट बसवणे हे दहा मिनिटांचे काम होते. ते वेळेत आठवणे हेच खरे काम, आणि ते माझे होते.

मित्रांनो, माझेही चांगले दिवस होते. एकदा भर दुपारी मोठा संगणक वरवर चालू होता, पण आकडेच देत नव्हता. सगळे जेवायला बसले होते. मी ओरडलो, काका हातातला घास टाकून धावले आणि कुणाला कळायच्या आत दार पुन्हा बोलू लागले. त्या दिवशी रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टरबाई फळीखाली उभ्या राहून म्हणाल्या, "काका, तुमच्या डब्याने आज आपली लाज राखली." मला पाठ असती तर त्यांनी थोपटलीही असती.

काका मात्र कौतुकाने हुरळून जाणारे नव्हते. दर सोमवारी सकाळी ते मला मुद्दाम एका खोट्या पत्त्यावर पाठवायचे. तिथे दारच नसायचे. मी ओरडायचो, त्यांचा फोन वाजायचा, आणि मग ते निवांत चहा घ्यायचे. डब्याचा आवाज बसलेला नाही ना, याची ती खात्री होती.

मग नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, हुशार होता, पण नव्या नवरीसारखा सगळे घर बदलायच्या घाईत होता. त्यांनी भिंतीवर भला मोठा पडदा लावला. त्यावर मोठ्या संगणकाची नाडी, ताप, श्वास, सगळे रंगीत रेघांत दिसायचे. एका सोमवारी काकांचा फोन वाजताना त्यांनी पाहिले आणि हसत म्हणाले, "काका, स्वतःच घंटा वाजवायची आणि स्वतःच ऐकायची? रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली, जरा आराम करा की." सगळे ऑफिस हसले. काकाही हसले. पुढच्या सोमवारी त्यांनी मला खोट्या दारावर पाठवले नाही.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या मोबाईल कार्डाची इंटरनेटची लाईन बिघडली, साधे एसएमएस तेवढे जात होते. दार शाबूत होते, पण माझा हातच तिथवर पोचत नव्हता. मला फरक कसा कळणार? दिवसाला चाळीस निरोप जाऊ लागले. साहेबांच्या बैठकीत काकांचा फोन तीनदा वाजला. "त्याचं तोंड बंद करा हो कुणीतरी!" साहेब वैतागून म्हणाले. काका ओशाळले. ते बैठकीतून उठून आले आणि घाईघाईने मला गप्प राहण्याचा हुकूम लिहिला. त्यात गप्प कधीपर्यंत राहायचे ती तारीख घालावी लागते. त्यांना येत्या दोन जानेवारीपर्यंत हवे होते. बोट एकदा जास्त लागले आणि वर्ष त्याच्याही पुढचे पडले.

लाईन दोन दिवसांत दुरुस्त झाली. मी पुन्हा नेमाने दार वाजवू लागलो. पण तोंडाला वर्षभराचे कुलूप होते, आणि ते ज्याने लावले त्याला ठाऊक नव्हते. काका येता-जाता फळीकडे बघायचे आणि समाधानाने म्हणायचे, "गप्प आहे, म्हणजे सगळं ठीक आहे." मित्रांनो, माझे गप्प बसणे हीच त्यांना खुशाली वाटत होती. हे मी आठ महिने ऐकले.

ऑगस्टमध्ये सर्टिफिकेटचे तीस दिवस उरले. मी निरोप तयार केला आणि तो माझ्याच पोटात अडकला. एकोणतीस, अठ्ठावीस. रोज तसेच. सात दिवस उरले तेव्हा काका माझ्याखालीच खुर्चीवर बसून कुणाचा तरी की-बोर्ड साफ करत होते. त्याच खुर्चीवर चढले असते तर हात मला लागला असता. मी काय करू शकत होतो? दिवा लुकलुकवण्याखेरीज मला काही येत नाही, आणि दिवा तर रोजच लुकलुकतो.

मुदत सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी संपली. बाराही हॉस्पिटलांच्या संगणकांनी एकदम पाठ फिरवली. भिंतीवरचा साहेबांचा पडदा तेवढा हिरवागार होता, कारण तो घराच्या आतून बघत होता आणि आत सारे आलबेल होते. बारा ठिकाणांहून फोन सुरू झाले. आमच्याकडे फोनची लाईन एक. टेकडीपलीकडच्या हॉस्पिटलात एका बाईचे बाळंतपण अवघड झाले होते. तिला दुर्मीळ गटाचे रक्त हवे होते. तिथल्या नर्सला आमचा फोन लागायला पन्नास मिनिटे लागली. त्या गटाच्या चार पिशव्या आमच्या फ्रीजमध्ये सकाळपासून ठेवलेल्या होत्या. ड्रायव्हर जिवाच्या आकांताने गाडी घेऊन गेला.

दुपारी तो परत आला. पिशव्यांची पेटी त्याने टेबलावर ठेवली. चारही तशाच होत्या. "बाळ तेवढं वाचलं," एवढेच तो म्हणाला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला.

नवे सर्टिफिकेट काकांनी तोवर बसवले होते. खरोखर दहाच मिनिटे लागली. मग त्यांनी खुर्ची ओढली, मला खाली उतरवले आणि माझी नोंदवही उघडली. सर्टिफिकेटच्या एकतीस ओळी होत्या. प्रत्येक ओळीत उरलेले दिवस, पुढे 'निरोप रोखला', आणि रोखणाऱ्याच्या जागी काकांचे नाव. त्यांनी एकेक ओळ बोट ठेवून वाचली.

साहेब मागे येऊन उभे राहिले. हळूच म्हणाले, "काका, पुसून टाका. जुनं मशीन आहे, बिघडलं होतं म्हणू. कोण विचारतंय?"

तेवढ्यात डॉक्टरबाई आत आल्या. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. "काका, याने सांगितलं नाही?"

मला वाटले, म्हणा, बिघडलो होतो म्हणा. मला भंगाराचे भय नव्हते. एकदा जाऊन आलो होतो.

"सांगितलं होतं, बाई," काका म्हणाले. "एकतीस वेळा सांगितलं. मीच त्याचं तोंड बांधून ठेवलं होतं."

दुसऱ्या दिवसापासून काका कामावर आले नाहीत. चौकशी झाली, त्यांनी कबूल केले, आणि त्यांना काढून टाकले. शेवटच्या संध्याकाळी जातानाच त्यांनी ऑफिसचा फोन टेबलावर ठेवला होता. माझ्याकडे मान वर करून बघितलेही नाही. त्याचा मला राग नाही, पण अजून वाईट वाटते.

साहेबांनी माझे कुलूप तेवढे काढले. 'डबा आता बोलतो' असे अहवालात लिहिले आणि मला परत फळीवर ठेवले. निरोप कुणाला जातो, हे मात्र कुणी पाहिले नाही. तो अजून काकांच्याच ऑफिसच्या फोनवर जातो. तो फोन त्या दिवशी कुणीतरी टेबलाच्या खणात सरकवला. त्याची बॅटरी कधीच उतरली आहे.

मित्रांनो, राखणदार ओरडला की लोक त्याच्यावर चिडतात, आणि गप्प राहिला की त्याला विसरतात. तुमच्या घरी, शाळेत कुणी राखण करत असेल, माणूस असो की यंत्र, तर त्याच्या शांततेवर विसंबू नका. अधूनमधून त्याला हाक मारून बघा. काका दर सोमवारी मारायचे, तोवर सगळे ठीक होते.

काकांनी बसवलेल्या सर्टिफिकेटलाही आता वर्ष होत आले. आज त्याचे एकोणीस दिवस उरले आहेत. सकाळी मी निरोप पाठवला, तो पोचला नाही. उद्याही पाठवीन. तुमच्यापैकी कुणाची आई किंवा वडील या ऑफिसात कामाला असतील, तर घरी गेल्यावर त्यांना एवढेच सांगा. खिडकीजवळच्या टेबलाचा खालचा खण उघडा. त्यात एक फोन आहे. तो चार्जिंगला लावा.