नदीकाठची रिकामी जागा

घरातलं काही मोठं ठरवायचं असलं की आपण बायकांना चहा ठेवायला सांगतो आणि आपसात ठरवून मोकळे होतो. जालन्यात कुंडलिकेच्या काठी नेमकं हेच झालं.

रामनिवास शेठची कापसाची जिनिंग बंद पडून दहा वर्षं झाली होती. नदीला लागून बारा एकर जागा नुसती पडून. सत्त्याण्णव साली शेठनं ठरवलं, इथं नवी वसाहत उठवायची. खाली दुकानं, वर घरं, मधे बाग, पाण्याकडेला फिरायला रस्ता. आराखड्याचं काम मस्तगड भागातल्या, नकाशे काढणाऱ्या धर्मराजकडं आलं. माणूस कामाला पक्का. भिंत, विहीर, मोडकी शेड, सगळं त्यानं स्वतः मोजून कागदावर आणलं. नदीकडच्या पट्ट्यात मात्र चार बाभळी, एक बोरीचं झाड आणि इकडेतिकडे दगड. तिथं त्यानं 'रिकामी जागा' लिहिलं आणि ती गाड्या उभ्या करायला दिली. हरकती मागवल्याचं पेपरात छापून आलं, कोणी फिरकलं नाही.

एका दुपारी तो नकाशा घरात पसरून बसला होता. त्याची माय तुळजाबाई जवळ आली. तिला वाचता येत नव्हतं. नदी कुठं, जिनिंग कुठं, बोर कुठं, सगळं तिनं बोट ठेवून विचारलं. दुकान घेतेस का माय, म्हणून त्यानं चिडवलं. ती हसली नाही.

"तुझ्या आधी एक पोरगी झाल्ती मला. तीन महिन्यांची होऊन गेली. तुझ्या बापानं तिला त्या बोरीकडं नेऊन पुरली."

चाळिशीला आलेल्या माणसाला आज कळलं की आपल्याला बहीण होती! तान्ही लेकरं जाळत नाहीत, पुरतात. वर दगड ठेवतात, नाव लावत नाहीत. पुरायला गडीमाणसं जातात, बाई उंबऱ्यातच राहते. आणि पुन्हा त्या लेकराचा विषय घरात कोणी काढत नाही. मंग हरकत घ्यायची कोणी?

"मला जागा कोणी दाखवली न्हाई," तुळजाबाई म्हणाली. "पण तिच्या अंगावर गाड्या नको उभ्या करू, बाबा."

धर्मराज तसाच उठून नदीवर गेला. भूमिपूजनाच्या मांडवासाठी सकाळीच बुलडोझर फिरला होता. बोर नाही, दगड नाहीत, सगळा काठ तव्यासारखा सपाट. जिनिंगचा म्हातारा राखणदार कचरू कडेला बसला होता. गावातली तान्ही लेकरं पुरायचे खड्डे चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्यानंच खांदले होते. धर्मराजनं त्याला बहिणीची जागा विचारली.

"आता कशी सांगू, साहेब? खुणाच गेल्या. तुम्ही मोजायला आल्ते तवा मी इथंच बसून होतो. मला कोणी इचारलंच न्हाई."

त्या एका वाक्यानं धर्मराजची मान खाली गेली. तिथून तो शेठकडं गेला आणि गाड्या तिथून हलवा म्हणाला. शेठ माणूस वाईट नव्हता, पण झालं ते झालं म्हणाला, लोकांनी गाड्या काय डोक्यावर घेऊन फिरायच्या? शेठची आई जमनाबाई दाराआड ऐकत होती. मुलाच्या धंद्यात तिनं कधी शब्द टाकला नव्हता. घरात ती मारवाडी बोलायची, पण धर्मराजलाही कळावं म्हणून मराठीतच बोलली.

"रामनिवास, तुझा थोरला भाऊ तिथंच हाये."

मला कधी बोलली नाहीस, शेठ म्हणाला.

"विचारलं कधी? आमच्या पोटची लेकरं, अन्‌ आम्हालाच जागा ठाऊक न्हाई. घरं बांध, बाजार बसव. गाव वाढलं पाहिजे, त्याला ना न्हाई. पण तिथं नवी लेकरं खेळतील, त्यांच्याआधीची तिथं निजलेली हायेत. तेवढा काठ सोड."

पन्नाशीतला शेठ आईच्या पायाशी बसून लेकरासारखा रडला. नकाशा नव्यानं निघाला. दुकानांची एक रांग गेली, गाड्या रस्त्याच्या बाजूला गेल्या, काठ मोकळा राहिला.

मांडव उठल्यावर तुळजाबाई आयुष्यात पहिल्यांदा तिथं गेली. तांब्यात दूध होतं. कुठं ओतायचं ते तिला कळेना, म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत ती थेंब थेंब सांडत चालली. धर्मराज मागं उभा राहून बघत होता. त्याच्याच्यानं पुढं जाववलं नाही.

बांधवांनो, गाव नवं करा, जरूर करा. पण जमिनीवर मोजणीची फीत टाकण्याआधी तिथं बसलेल्या म्हाताऱ्याला विचारा, आणि घरातल्या बाईला त्याच्याही आधी विचारा. धर्मराजनंही विचारलं. पण त्याला अर्धा दिवस उशीर झाला, आणि तेवढ्यात एका आईच्या लेकराची जागा कायमची गेली.