काठी आधी उकळा

अपोलोनियाच्या तळघरात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. गावच्या सामायिक भट्टीवर उकळून आणलेला जवाचा रस कालपर्यंत तिच्या पिंपात निपचित पडला होता. त्यात गावोगाव फिरणाऱ्या कोर्बिनियनबुवांनी काहीतरी पुटपुटत आपली काळी काठी फिरवली आणि आज त्यावर हा पांढराशुभ्र फेस. मागच्या बीअरचा गाळ कुणी घातलाच नव्हता, आणि गाळाशिवाय रस फसफसल्याचं आमच्या गावात कुणी पाहिलं नव्हतं.

"मेलेल्यांना उठवणाऱ्या संताची काठी आहे ही," बुवा म्हणाले. "उकळून मेलेला रस उठतो, तिथं एका पोरीच्या पायाचं काय घेऊन बसलात?"

साऱ्यांनी छातीवर क्रुसाची खूण केली. मी औषधांचा दुकानदार, असले संत मी बरेच पाहिलेत. मला जांभई येत होती. पण अपोलोनियाचा चेहरा दिसला आणि जांभई पळाली. तिच्या लेकीच्या, बुर्गलच्या, पायाचं बोट काळं पडलं होतं. सोमवारी ते कापलं नाही तर पाय जाईल, असं रेगेन्सबुर्गच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. बुवा रविवारी काठी टेकवणार होते, पण त्यासाठी डॉक्टरांना येऊ नका म्हणून कळवायचं होतं. त्यांच्या संताला म्हणे सुरीचं वावडं. मला इतका संताप आला की मी तडक शाळेतल्या प्रॉल्समास्तरांना गाठलं.

मास्तरांनी तळघरात येऊन काठी पाहायला मागितली. तिच्यावर तपकिरी कवच बसलं होतं. ते नखाने खरवडून त्यांनी शेजारच्या मडक्यातल्या ताज्या रसात टाकलं. मग अगदी साळसूदपणे ते अपोलोनियाला म्हणाले, की पोरीच्या उघड्या जखमेला लागायची वस्तू आहे, तर जरा उकळून घे.

बुवा दचकले. उकळल्याने काठीचं पावित्र्य जातं, असं काहीतरी ते सांगू लागले.

"मढं उठवणारा संत गरम पाण्याला घाबरतो होय?" मास्तरांनी विचारलं.

कुणीतरी फिसकन हसलं. अपोलोनिया हसली नाही. तिने बुवांच्या हातातून काठी घेतली आणि उकळत्या हंड्यात बुडवली. चांगली शिजवून, निववून ती परत दिली आणि दुसऱ्या पिंपातल्या ताज्या रसात फिरवा म्हणाली. बुवांनी फिरवली, मंत्रही दुप्पट म्हटले.

शनिवारी आम्ही पुन्हा जमलो. मडकं फेसाने उतू चाललं होतं. पिंप ढिम्म. बुवांना शेजारच्या गावाहून तातडीचं बोलावणं आलं होतं, काठी न्यायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

मास्तरांनी माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली मडक्यातला एक थेंब ठेवला आणि अपोलोनियाला वाकून बघायला सांगितलं. तिला गोल गोल मणी दिसले. एखाद्या मण्याला छोटा कोंब फुटलेला.

"या जिवंत पेशी आहेत. अशा कोंबातूनच त्या वाढतात," मास्तर म्हणाले. "बर्लिनमध्ये श्वान नावाच्या शास्त्रज्ञाने हे दाखवून दिलंय. आपण गाळ म्हणून हिणवतो ना, तो जीव आहे. काठीवर सुकला तरी मरत नाही, उकळला की मरतो."

मागून कुणीतरी विचारलं, की हा श्वान देवाला तरी मानतो का. मास्तर म्हणाले, तुमच्यापेक्षा नेमाने चर्चला जातो.

बीअर करण्यात जन्म गेलेली बाई बराच वेळ त्या भिंगावरून हलली नाही. शेवटी तिने विचारलं, "माझी पोर पण अशाच पेशींची?"

"झाडं, जनावरं, तू, मी, सगळे. तोच श्वान सांगतो. त्या बोटातल्या पेशी मेल्यात, अपोलोनिया. त्यांना कुठलीच काठी उठवणार नाही. पण बाकीचा पाय जिवंत आहे अजून."

ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "सोमवारी डॉक्टरांसाठी पाणी मी तापवते."

बोट गेलं, पाय राहिला. पुढच्या जत्रेत बुर्गल नाचली, जरा वाकडी, पण दमेपर्यंत.

ती काठी अपोलोनियाच्या तळघरात टांगलेली आहे. तिच्यावर पुन्हा गाळ सुकवून ठेवला, की बीअर लावायला ती फार सोयीची पडते. अजूनही एखादा गुडघा धरून येतो आणि काठी टेकवा म्हणतो. ती त्याला एक पेला भरून देते आणि डॉक्टरांचा पत्ता सांगते.

तेव्हा मंडळी, चमत्कारवाला तुमच्या दारी आला तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. त्याची काठी मागून घ्या आणि आधी उकळा.