सात नंबरचा बिल्ला

"एक बिल्ला जास्त आहे!" पाटीपाशी उभी असलेली शिक्षिका ओरडली आणि तळ्यावरचा दंगा जागच्या जागी थांबला.

शिट्टीकाका धक्क्याच्या टोकाला होते. पाटी वर वाटेच्या वळणावर होती. तिकडे वळून बघायलाही ते थांबले नाहीत. गळ्यातली शिट्टी तोंडात धरून त्यांनी जिवाच्या आकांताने फुंकली, सदरा काढून फेकला आणि पाण्यात उडी घेतली. वर जेवणघराची घंटा घणघणू लागली.

डोंगरातल्या त्या स्काउट शिबिरात तंबू, तिरंदाजीचे मैदान, चढाईची भिंत, शेकोटीचा गोल चौथरा असे सगळे होते. पण पोरांचा जीव तळ्यात आणि तळ्याचा जीव काकांत. तिथला नियम त्यांनीच घालून दिलेला. पाण्यात उतरताना प्रत्येकाने आपला पत्र्याचा बिल्ला पाटीवर 'बाहेर'च्या बाजूवरून काढून 'पाण्यात'च्या बाजूला लावायचा, आणि वर आल्यावर परत जागेवर. बिल्ल्यावर नाव नाही, नुसता आकडा. एकट्याने कोणी उतरायचे नाही, जोडीदार हवाच. मधूनच शिट्टी वाजली की असेल तिथे जोडीदाराचा हात धरायचा आणि पुन्हा शिट्टी होईपर्यंत दोघांनी हात वर ठेवायचे. आणि सगळे बाहेर आल्यावर 'पाण्यात'च्या बाजूला एक जरी बिल्ला लोंबताना दिसला, तर प्रश्न विचारत बसायचे नाही. आधी पाण्यात शोधायचे. या बाबतीत काका कोणाच्या बापाचे ऐकत नसत.

मुलांच्या तोंडचे पाणी पळाले होते. मोठ्या मुलांनी दंडात दंड अडकवून साखळी केली आणि पायांनी तळ चाचपत ती उथळ पाण्यातून पुढे सरकू लागली. खोल पाण्यात काका बुड्या मारत होते. वयाच्या मानाने तो शहाणपणा नव्हता, पण त्यांना अडवणार कोण? डोळ्यांपुढे गढूळ हिरवा अंधार आणि डोक्यात एकच गोष्ट: आणखी कोणी एकटे जाता कामा नये.

आणखी, कारण त्यांची बायको एकटी गेली होती. दवाखान्यात, हिवाळ्यात. "जरा चहा घेऊन या हो, तोंड कडू झालंय," असे ती म्हणाली म्हणून ते खाली गेले. पेला हातात घेऊन परत आले तर नर्स पडदा ओढत होती. माणसांना जोडीचा धडा देण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्याच माणसाचा हात शेवटी रिकामा राहिला. ते दुःख त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. सांगणार काय, आणि कोणाला?

ती शिबिरातल्या ड्रेसिंगच्या खोलीत असायची. सगळ्यांची मावशी. खरचटलेले गुडघे, मुरगळलेले घोटे, घरच्या आठवणीने दुखणारी पोटे, सगळी तिच्याच ताब्यात. रोज सकाळी शिबिर उठायच्या आत काका तळ बघायला पाण्यात उतरत, कुठे फांदी अडकली आहे का, दोर सैल झाला आहे का. नियम म्हणजे नियम, म्हणून हिला जोडीला यावे लागे. कपडे गुडघ्यापर्यंत वर धरून ती काठच्या पाण्यात कुडकुडत उभी राही.

"नियम तुमचा आणि गारठायचं मी!" ती करवादे. "बुडालात तर मी काय करणार? मला पोहता येतं का?"

"ओरडशील की. तेवढं तुला छान येतं."

तरी एकही सकाळ तिने चुकवली नाही. काकांचा बिल्ला सहा नंबरचा. तिचा सात.

"काका! काका, बाहेर या!"

काठावर शिबिराचा प्रमुख उभा होता, तिरंदाजीच्या मैदानावरून धावत आलेला, घामाने निथळत. आता त्याला भरघोस मिश्या होत्या, पण लहानपणी याच शिबिरात तो पहिले तीन दिवस मावशीच्या खोलीत बसून रडला होता. मावशीने त्याला पट्ट्या गुंडाळायला बसवून शांत केले होते. काका त्याला अजूनही रड्या म्हणत, अर्थात चारचौघांत नाही.

"सगळ्या जोड्या पुऱ्या आहेत हो. मी दोनदा बघितलं," तो म्हणाला. त्याच्या हातात तो बिल्ला होता. "हा सात नंबर. पोरांचे नंबर विसाच्या पुढचे. म्हणजे हा आपल्यातलाच कुणाचा तरी. आणि आपली माणसं तर सगळी इथं आहेत. कुणाचाय हा?"

काका कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. दाढीवरून पाणी गळत होते. सकाळ त्यांना लख्ख आठवली. ते पाण्यातून बाहेर येत होते, तेवढ्यात पाण्याचा पंप चालू होत नाही म्हणून स्वयंपाक्याने हाका मारल्या. पाटीवरचा सहा नंबर त्यांनी घाईने जागेवर लावला आणि ओल्या कपड्यांनीच वर पळाले. सात तिथेच राहिला.

पोरासोरांनी खोडी काढली असेल, असे म्हटले असते तर सहज खपून गेले असते. काकांच्या शब्दावर कोणी शंका घेतली नसती. पण साखळीतली मुले अजून पाण्यात उभी होती. थंडीने त्यांचे ओठ निळे पडले होते आणि दोघे तर हमसून हमसून रडत होते, तरी हात कोणी सोडला नव्हता.

"तुझ्या मावशीचा," काका म्हणाले.

प्रमुखाने बिल्ला खिशात घातला. मग वळून मोठ्याने म्हणाला, "साखळी सोडा! बिल्ला चुकून राहिला होता. सगळे सुखरूप आहेत!"

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मुले टॉवेल गुंडाळून बडबडत वर गेली. काकांना मात्र पाण्यातून बाहेर यायला बराच वेळ लागला.

संध्याकाळी प्रमुख त्यांच्या खोलीवर आला आणि दारातच घुटमळला.

"ते दोघं अजून रडताहेत, काका. त्यांच्या घरी फोन करावा लागेल."

"करायलाच हवा."

"मी तुम्हाला काही बोलायला नाही आलो."

"पण मला बोलायचंय." काकांनी गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. "ही उद्यापासून त्या शिक्षिकेला दे. नजर चांगली आहे तिची. आणि ओरडलीही छान."

"एका चुकीसाठी—"

"तळ्यावर दुसरी चूक करायला माणूस राहत नाही, रड्या. हे तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच," प्रमुख पुटपुटला. खिशातून सात नंबरचा बिल्ला काढून त्याने शिट्टीशेजारी ठेवला. "म्हणजे यंदा रोज सकाळी तुम्ही एकटेच उतरत होता?"

"एकटा कुठं? बिल्ला लावत होतो ना तिचा."

एवढा मिशाळ माणूस, पण मटकन खुर्चीत बसला आणि लहानपणी रडला होता तसाच रडला. या वेळी त्याला पट्ट्या गुंडाळायला देणारे कोणी नव्हते. काकांनी त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि ते खिडकीतून बाहेर बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सवयीने तळ्यावर गेले, पण पाण्यात उतरले नाहीत. पाटीवर सहाच्या शेजारी सात नंबरचा बिल्ला त्यांनी 'बाहेर'च्या बाजूला लावला आणि वाऱ्याने हलणार नाही इतका घट्ट बसवला. मग चढ चढून ते भांडारात गेले.

भांडारात तंबूंचा ढीग पडला होता. तंबूची घडी घालणे हे खरे तर दोघांचे काम. काकांनी एक टोक खुंटीला अडकवले आणि दुसरे धरून ते मागे मागे गेले. दुपारी खालून मुलांचा गलका ऐकू येऊ लागला. काकांचे अर्धेअधिक कापड दुमडून झाले होते.

एवढ्यात तळ्यावर शिट्टी वाजली. छान वाजवली होती तिने, खणखणीत.

काकांच्या हातातले कापड खाली पडले. डावा हात शेजारी काहीतरी धरायला गेला आणि उजवा वर. तो वर गेलेला हात त्यांनी पुन्हा शिट्टी होईपर्यंत खाली घेतला नाही. मग वाकून त्यांनी तंबूचे टोक उचलले आणि घडी पहिल्यापासून घालायला घेतली.