नवं हाड

"हळू ठेव गं. सात कोटी वर्षांपूर्वीचं हाड आहे ते," प्रोफेसर वैशंपायन मोहाच्या सावलीतून म्हणाले.

रुखमानं डोक्यावरचा तो दगड गोणपाटावर ठेवला आणि पदरानं तोंड पुसण्याच्या निमित्तानं हसून घेतलं. असले दगड ती जन्मल्यापासून इथल्या वावरांत नांगराला लागत होते, आणि लोक ते शिव्या घालत वावराच्या कडेला, धुऱ्यावर फेकत होते. आता छप्पन सालच्या उन्हाळ्यात नागपूरच्या कॉलेजातून दोन शहाणे आले होते. ते त्याच दगडांना कापूस गुंडाळत होते, तान्ह्या लेकराला गुंडाळावं तसे.

रुखमा पन्नाशीला टेकली होती. नवरा कधीच गेलेला, पोटी मूल नाही. जन्मभर दुसऱ्याचा कापूस वेचला, दुसऱ्याची पऱ्हाटी उपटली. जीभ मात्र कुणाकडे गहाण ठेवली नाही.

"पाह्य त्याइले," ती शेजारच्या गोकुळाला म्हणाली. "जित्या माणसाले पाणी पुसत नाई, अन् मेल्या सरड्याची तब्येत पुसून राह्यले."

दुपारच्या सुट्टीत बाया शिदोऱ्या सोडून बसल्या. सावलीत दोघा शहाण्यांचा वाद रंगला होता. एवढाले, घराएवढे प्राणी पृथ्वीवरून पार नाहीसे कसे झाले? वैशंपायन म्हणत, हवा थंड पडली. त्यांचे जोडीदार बोबडे मास्तर म्हणत, उंदरासारख्या बारक्या जनावरांनी त्यांची अंडी खाल्ली. मग दोघेही जमिनीतून उसळलेल्या तप्त रसावर आले. त्याचाच पुढं काळा दगड झाला म्हणे.

बोबड्यांना गंमत सुचली. "काय गं, तुला काय वाटतं? कशानं मेले असतील?"

बाकीच्या बाया खाली बघू लागल्या. रुखमानं घास गिळला.

"किती दिसात मेले?"

"दिवसांत कुठले? हजारो, कदाचित लाखो वर्षं लागली असतील."

"मंग बरे मेले. रडाले सवड भेटली." ती पाणी प्याली. "इथी याच वावरात आमचा टोला होता, साहेब. नऊ घराइची वस्ती. मानमोडीच्या तापाच्या साली पंधरा दिसात सारा खपला. मी दहा वर्साची, भांदकले मामाकडं होती, म्हून उरली. जाळाले माणूस नव्हता. आजूबाजूच्याइनं खड्ड्यात लोटले म्हणे. कुठी, ते मले कोणी दाखोलं नाई. मंग पाटलानं नांगर फिरोला."

वैशंपायनांनी चष्मा काढला. क्षणभर वाटलं, आता हा माणूस काही बरं बोलेल.

"म्हणजे वरची माती विस्कटलेली आहे," ते बोबड्यांना म्हणाले. "नोंद करा."

रुखमानं शिदोरीचं फडकं झटकलं. एवढं शिकून माणूस एवढा रिकामा कसा राहतो, याचं तिला नवल वाटलं नाही. फक्त किळस आली.

तिसऱ्या प्रहरी चरीच्या कडेला कुदळ अडखळली. हातभर खोलीवर एक जबडा निघाला. लहानसा, दात दुधाचे. त्याच्याखाली आणखी काही बारीक हाडं होती.

बोबड्यांनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली. "माणसाचं आहे. नवं आहे. आपल्या कामाचं नाही." आणि त्यांनी ती मातीच्या ढिगावर भिरकावली.

रुखमानं घमेलं पालथं घातलं. ढिगावर चढून एकेक हाड वेचलं आणि ओटीत घेतलं.

"ए, काम सोडून कुठे निघालीस?" बोबडे ओरडले.

"तुमच्या कामाचं नाई म्हणता ना? माह्या कामाचं हाय."

"उद्यापासून येऊ नकोस मग."

"बरं."

ती धुऱ्यापाशी पोचली तेव्हा वैशंपायन मागून आले. घामानं डबडबलेले, हातात वही. "चुकलंच त्यांचं. त्या नऊ घरांतल्या माणसांची नावं सांग. टिपून ठेवतो."

रुखमानं वहीकडे पाहिलं. उघड्या पानावर दगडांची चित्रं होती, प्रत्येकाखाली आकडा.

"अडतीस वर्सं कोणी पुसलं नाई. आता दगडाच्या रांगेत बसोता काय त्याइले? जा साहेब. तुमचं जुनं हाड उन्हात पडलं हाय."

ते वही मिटून परत गेले.

पळसाच्या बुडाशी रुखमा खुरप्यानं खड्डा खणत बसली. उन्हानं जमीन लोखंड झाली होती. काही वेळानं गोकुळा आली. तीही घमेलं टाकूनच आली होती.

"कोण व्हय, बाई?" तिनं हळूच विचारलं.

"काय मालूम." रुखमानं जबडा खाली ठेवला, दातांची बाजू वर करून. "आपलंच कोणाचं लेकरू."

गोकुळा तिच्या समोर बसली, आणि दोघी हातांनी माती लोटू लागल्या.