नाचणीच्या पिठाला सत्त्याण्णव गुण

कंपनीने जूनमध्ये ॲप आणले, तेव्हा बहारीनमधल्या मनामाच्या ऑफिसात केक कापला गेला. एसीची देखभाल करणारे बत्तीस टेक्निशियन भिंतीला टेकून उभे होते आणि ऑपरेशन्स मॅनेजर क्रेग त्यांना सांगत होता, की यापुढे कुणाच्या मर्जीवर काही नाही. काम सुरू करण्याआधी फिल्टरचा एक फोटो, काम झाल्यावर दुसरा. दोन्हींत फरक किती, ते मशीन पाहील आणि शंभरपैकी गुण देईल.

"माणूस पार्शलिटी करतो, मशीन करत नाही," क्रेग म्हणाला. वय एकतीस, जन्म वांद्र्याचा, आणि आजवर त्याने एकही फिल्टर हाताने काढलेला नव्हता. केक मात्र त्याने नीट कापला.

बत्तिसांत सर्वांत जुना हारून. रत्नागिरीचा, बहारीनमध्ये एकोणीस वर्षे. जिदहफ्समधला मुलांच्या दातांचा एक दवाखाना नऊ वर्षे त्याच्याकडे होता. फिल्टर महिन्यातून एकदा धुवावा, असे कंत्राटात होते. हारून दर आठवड्याला धूत असे, कारण तोंड उघडून बसलेल्या मुलाच्या डोक्यावरच तो एसी चालतो. त्यामुळे त्याचा आधीचा फोटोही स्वच्छ आणि नंतरचाही. मशीनला फरक सापडेना. त्याला एकेचाळीस गुण मिळाले. बत्तिसांत बत्तिसावा.

पहिला नंबर बासितचा. बासितच्या बॅगेत पान्याशेजारी वाळूची एक बरणी असायची.

"चाचा, सोप्पं आहे," तो म्हणाला. "वाळू मारा, फोटो. झटका, फोटो. खलास. पाणीसुद्धा लागत नाही."

"आणि फिल्टर कधी धुतोस?"

"धुतल्याचे मार्क कुठे आहेत?"

नोव्हेंबरअखेर हारून क्रेगच्या केबिनमध्ये गेला. डिसेंबरच्या गुणांवर रिन्यूअल ठरणार होते. सत्तरच्या खाली असलेल्यांचा व्हिसा पुढे जाणार नव्हता. हारूनचा व्हिसा वीस जानेवारीला संपत होता. त्याची मुलगी नाझिश दहावीला होती, परीक्षा फेब्रुवारीत. बापाचा व्हिसा गेला की घरच्यांचाही जातो, आणि पोरीचे वर्षही.

"सर, मी घाण साचूच देत नाही. मग फोटोत येणार कुठून?"

"हारूनभाई, मला पटतं हो," क्रेग स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला. "पण डेटात इम्प्रूव्हमेंट दिसत नाही."

"इम्प्रूव्हमेंट दाखवायला आधी बिघडवू?"

"असं मी बोललो नाही," क्रेग घाईने म्हणाला. बोलला नव्हता हे खरे. तसे बोलावे लागू नये, यासाठीच तर कंपनीने ॲप घेतले होते.

हूरा वस्तीतल्या दोन खोल्यांच्या घरात हारूनने ही हकिकत बायकोला सांगितली. महमुदा भाकरी थापत होती. नाझिशने पुस्तकातून मान वर केली.

"अब्बा, इट वॉन्ट्स डर्ट. गिव्ह इट डर्ट."

"पोरांच्या तोंडावर वाळू उडवू? नऊ वर्षं ज्यांना सांभाळलं त्यांच्या?"

महमुदाने परातीतले पीठ चिमटीत धरून दिव्याखाली पाहिले. गावाहून आलेली नाचणी. वारा सुटल्यावर इथल्या गाड्यांवर धूळ बसते, तिचा रंग अगदी असाच.

"ही न्या," ती म्हणाली. "पोटात गेली तरी हाडं घट्ट व्हतील."

डिसेंबरभर दर आठवड्याला हारूनने दवाखान्याचा फिल्टर काढून बाथरूममध्ये नेला, दार लावले, चहाच्या गाळणीने त्यावर नाचणी भुरभुरवली, फोटो काढला, मग नेहमीसारखा धुतला आणि दुसरा फोटो काढला. मशीनने आधीच्या फोटोवर शेरा मारला: धुळीचे तीव्र प्रदूषण. गुण सत्त्याण्णव. बासित दुसरा आला. क्रेगने ग्रुपवर टाळ्या टाकल्या आणि हारूनचे नाव रिन्यूअलच्या यादीत घातले. सही बाकी होती.

आणि मग ॲपने एक गोष्ट केली, जी केकच्या दिवशी कुणी सांगितली नव्हती. वर्ष संपताच त्याने प्रत्येक ग्राहकाला फोटोंसह अहवाल पाठवला.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हारून दवाखान्यात गेला, तेव्हा एलिझाबेथ सिस्टर टेबलावर तो अहवाल ठेवून बसली होती. वसईची बाई, तिथे पंधरा वर्षे काम करणारी. दवाखान्यात बाकी सगळ्यांवर ओरडायची, हारूनवर कधी नाही.

"हारूनभाई, हे काय आहे?" तिने फोटोवर बोट ठेवले. "या हवेत मी पोरांची तोंडं उघडून बसवली? नऊ वर्षं?"

हारून गप्प बसला तर सही होणार होती आणि नाझिश परीक्षेला बसणार होती. फक्त या बाईच्या लेखी तो नऊ वर्षे घाणेरडा ठरणार होता. बोलला, तर सगळेच हातचे जाणार होते. त्याने बॅग उघडली, डबी काढली आणि तिच्यापुढे सरकवली.

तिने झाकण काढले, वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवली.

"नाचणी?"

"होय, सिस्टर. घरची आहे."

सगळे ऐकून घेतल्यावर तिने क्रेगला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"मिस्टर क्रेग, माझा फिल्टर कधीच घाण नव्हता. फोटोत आहे ते पीठ आहे. तुमच्या चांगल्या माणसाला तुम्ही हे करायला लावलंत."

पलीकडे टकटक ऐकू आली.

"मॅम, मी सिस्टिममध्ये चेक केलंय. ती धूळच आहे. नाइन्टी-एट पर्सेंट कॉन्फिडन्स."

"अहो, मी खाऊन बघितलं!"

"आय अंडरस्टँड, मॅम. पण टेस्टचा ऑप्शन ॲपमध्ये नाही. हारून आमचा टॉप परफॉर्मर आहे, मी त्याच्याबद्दल काही ऐकून घेणार नाही. आजच सही करतोय."

फोन बंद झाला. सिस्टरने अहवाल फाडून टोपलीत टाकला. ॲपमधला तसाच राहिला.

"ते पीठ बाथरूमातच मारा हं," ती म्हणाली. "मुंग्या लागतील."

सही झाली. नाझिशचे हॉल तिकीट आले. सुट्टीवरून परतणाऱ्या आपल्या भावाला, इलियासला, महमुदाने गावी फोन करून पाच किलो नाचणीचे पीठ आणायला सांगितले.

"पाच किलो?" इलियास म्हणाला. "घरात कुणाला डायबेटीस झाला काय?"

"नाय रे," महमुदा म्हणाली. "दर आठवड्याला लागतं."