ठिपक्यापर्यंतचा उजेड

मी दिवा मंद-मोठा करणारी एक जुनी गोल कळ आहे. कारखान्यातून माझ्यासारख्या ढिगाने निघाल्या, पण सगळ्याच काही नशीब काढत नाहीत. मी खिडकी नसलेल्या कोपऱ्यात, शिलाई मशीनच्या बाजूला लागले आणि तिथे राज्य केलं.

मित्रांनो, आमच्या बाई हाताने काजं करायच्या. मशीनचं काज दिसलं की नाक मुरडायच्या. मला अर्धं फिरवलं की उजेड नेमका सुईच्या नेढ्यावर यायचा. माझी खूण तिथे येते, नेमकं तिथेच भिंतीवर त्यांनी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता.

"याच्यापुढे कळ न्यावी लागली, की समजायचं म्हातारी झाले," त्या सुनेला ऐकवायच्या.

"म्हणजे म्हातारं व्हायला आमचाच नंबर आधी लागणार!" सून म्हणायची.

मग मुलाने घरातले दिवे मोबाइलवर घेतले. माझ्या पाठीमागे एक डबी बसली. पूर्वी मी सांगायचे आणि दिवा ऐकायचा. आता मधे मध्यस्थ आला. मी किती फिरले ते डबी कळवणार, आणि दिव्याला किती द्यायचं ते मोबाइलमधल्या आलेखाची एक रेघ ठरवणार. रेघ सरळ होती तोवर ठीक होतं. मुलाने ती बोटाने खाली ओढली. ओल्या कपड्यांनी दोरी झुकावी तशी ती झुकली.

"आईच्या डोळ्यांवर झगझगाट नको," तो म्हणाला.

माया खरी होती, तिला मी नावं ठेवत नाही. पण मेल्याने एकदा मशीनपुढच्या स्टुलावर बसून बघायचं होतं! मी अर्धी फिरले तरी दिव्याला आता जेमतेम पाव हिस्सा मिळू लागला.

बाईंनी मला ठिपक्यावर आणलं. दोरा चुकला. पुन्हा चुकला.

"अरे, दिवा कमी झालाय का?"

मुलाने मोबाइल बघितला. "छे गं, अर्ध्यावरच आहे. नेहमीसारखा."

तो आकडा माझ्या फिरण्याचा होता, दिव्याच्या उजेडाचा नव्हता. मला तोंड असतं तर चांगली खरडपट्टी काढली असती.

बाईंनी मला ठिपक्यापुढे नेलं नाही. मानी बाई. काजं वाकडी पडायची, त्या उसवायच्या, परत घालायच्या. गिऱ्हाइकाला "वेळ नाही" सांगून वाटेला लावायच्या. डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर यायच्या. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी मशीनवर चादर टाकली. ज्या कात्रीला घरात कोणाची हात लावायची छाती नव्हती, ती त्यांनी सुनेपुढे धरली.

"घे. माझे डोळे गेले."

सुनेने कात्री घेतली नाही. ती स्टुलावर बसली, मला ठिपक्यावर ठेवलं आणि सुई उचलली. दोरा जाईना.

"अहो, इकडे या," तिने नवऱ्याला हाक मारली. "बसा. ओवा."

त्यालाही जमेना.

"आई, तुमचे डोळे गेले असतील तर आम्हा दोघांचेही गेले!"

मुलगा खाली मान घालून आपणच ओढलेली मोबाइलमधली रेघ वर उचलू लागला. उजेड नेढ्यावर आला. बाईंनी एका फटक्यात दोरा ओवला. कात्री परत त्यांच्या ताब्यात गेली.

पण मित्रांनो, अजूनही मला ठिपक्यावर आणलं की त्यांचा हात थबकतो. "तुला दिसतंय ना गं?" असं त्या आधी सुनेला विचारतात. असं कोणाला विचारणाऱ्यातल्या त्या नव्हत्या.

रेघा खुशाल ओढा. फक्त ज्याच्यासाठी ओढता, त्याच्या स्टुलावर आधी बसा. मला काय, कुठेही फिरवा. पण त्या बोटांतली जुनी ऐट अजून परतलेली नाही, आणि मी तिची वाट बघतेय.