बर्फावरचा बारा नंबर

मित्रांनो, मी एक जुना पतंग आहे. पतंग म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कागद, काड्या आणि गच्ची आली असेल, तर ती जरा बाजूला ठेवा. मी मजबूत कापडाचा आहे. पसरलो तर तुमची बैठकीची खोली झाकून टाकीन. माझ्या चार दोऱ्यांच्या टोकाला एक दांडा असतो, तो धरून माणूस उभा राहतो आणि मी त्याला ओढत नेतो, पाण्यावर फळीवरून, बर्फावर स्कीवरून. माझ्या अंगावर मोठा बाराचा आकडा होता. होता म्हणतो, कारण आता त्यातला फक्त एक उरला आहे. दोन कुठे गेला, ते सांगायला बसलो आहे. पण सांगताना मान वर होत नाही.

माझा जन्म एका उकाड्याच्या देशात झाला. तिथल्या कारखान्यात एका बाईने माझ्या पुढच्या कडेत प्लास्टिकची लांब नळी बसवली. नळीत हवा भरली की मी कमानीसारखा ताठ होतो आणि पाण्यात पडलो तरी तरंगतो. म्हणजे मी समुद्रासाठीच शिवला गेलो होतो. थंडीचा विचार तिथे कोण करणार? ती बाई घाम पुसत शिवत होती.

मला घेतलं सिग्वेने. तो सुतार, नॉर्वेच्या दक्षिणेला येरेनच्या किनाऱ्यावर राहणारा. नऊ वर्षं आम्ही तिथल्या लाटांवर काढली. किनाऱ्यावरचे लोक माना वर करून बघत आणि मला वाटे, हे सगळे माझ्यासाठीच आलेत. सिग्वे माझी काळजीही घ्यायचा. समुद्रातून आलो की गोड्या पाण्याने आंघोळ. "मीठ तुला खाऊन टाकील रे," असं म्हणत तो दोऱ्यांपासून लाल मुठीपर्यंत सगळं धुवायचा. ही लाल मूठ दांड्यापाशी असते. संकटात ती ओढली की पतंगाचा जोर जातो आणि माणूस वाचतो.

त्याच्या गाडीच्या दाराला आतून एक तक्ता चिकटवलेला होता. इतका वारा, तर इतक्या नंबरचा पतंग; नंबर जितका मोठा, तितका पतंग मोठा. सहाचा वारा, म्हणजे सेकंदाला सहा मीटर, तर बारा नंबर. नऊ वर्षांत तो तक्ता एकदाही चुकला नाही.

मग सिग्वेला ओद्नी भेटली. ती थेट उत्तरेच्या टोकाची, वाद्सो गावची. बंदराजवळ एका खुर्चीचं तिचं केस कापायचं दुकान. केस कापण्याआधी ती कात्री हवेतच दोनदा वाजवायची, कच् कच्, आणि मग गिऱ्हाइकाला विचारायची, "हं, काय लपवायचंय?" सिग्वे तिच्या प्रेमात पडला आणि बिऱ्हाड घेऊन उत्तरेला गेला. गाडी, तक्ता आणि मी त्याच्याबरोबर.

उत्तरेचे लोक दक्षिणेच्या माणसाला 'सोरिंग' म्हणतात. शिवी नाही ती, पण कौतुकही नाही. ज्याला थंडी कळत नाही आणि हे ज्याला कुणी सांगितलेलंही आवडत नाही, तो सोरिंग.

ईस्टरच्या सुट्टीत सगळे गोठलेल्या तळ्यावर गेले. उणे सतरा, लख्ख ऊन. ओद्नीची आई तोर्दिस, वय अडुसष्ट, रेनडिअरच्या कातड्यावर बसून बर्फाच्या भोकात गळ टाकत होती. ती तळ्यापलीकडे मासे धरायला पतंगानेच जाते. तिचे पतंग निव्वळ कापडाचे, त्यांना नळी नाही, पंप नाही. वारा आत शिरतो आणि ते आपोआप फुगतात. उडवताना ते दुसऱ्या कुणाला धरावेही लागत नाहीत.

"माझा सात नंबर घे," ती भोकातून नजर न काढता म्हणाली.

"सात? तो पतंग आहे का नाक पुसायचा रुमाल?"

"रुमाल तर रुमाल. इथे नाकं गळतातच."

"अगं, वारा सहाचा आहे. माझ्या तक्त्यात सहाला बारा."

"तुझा तक्ता पोहायला शिकलाय, सिग्वे. त्याला चालता येत नाही." तिने गळ वर खेचला, रिकामा होता. "पाणी माणसाला मागे धरून ठेवतं. बर्फ धरत नाही. आणि थंड हवा दाट असते, तेवढ्याच वाऱ्यात धक्का जास्त देते. त्यात तुझ्या पतंगाची ती नळी! या गारठ्यात तडकली म्हणजे?"

"आई, राहू दे गं," ओद्नी हसली. "सोरिंगला शिकवायचं म्हणजे आधी पडू द्यावं लागतं."

सिग्वेचे कान लाल झाले. त्याने गाडी उघडली आणि मला काढलं.

मित्रांनो, मला शरम वाटते ती इथे. तोर्दिसचा एकेक शब्द खरा आहे, हे मला कळत होतं. पंपाने हवा शिरली तेव्हा माझी नळी करकरली, सुकलेल्या चामड्यासारखी. पण तो जुनाट सात नंबर पिशवीत राहिला आणि मी बाहेर आलो, या आनंदात मी छाती फुगवली.

मला कुणीतरी धरावं लागतं. ओद्नीने धरलं. नळीवर बर्फाचा पापुद्रा होता, जाड हातमोज्यातून मी निसटत होतो. म्हणून तिने उजव्या हाताचा मोजा काढून दातांत धरला. सिग्वेने अंगठा वर केला. तिने मला सोडलं.

जोराचा झोत आला. सिग्वे पुढे फेकला गेला, मी गिरकी घेऊन खाली आलो आणि पुन्हा उसळलो. त्या उसळीत माझ्या एका दोरीचा वेढा ओद्नीच्या उघड्या अंगठ्यावर बसला. सिग्वेने ते पाहिलं. त्याने लाल मूठ ओढली. मूठ हलली नाही. त्याने दोन्ही हातांनी ओढली. मूठ दगड झाली होती. तेव्हा सोडता आलं असतं तर वेढा सैल पडला असता. मी मात्र ओढत राहिलो, मला दुसरं काही येतच नव्हतं. शेवटी थंडीने नळी फाटकन फुटली आणि मी चिंधीसारखा पडलो. मी थांबलो असं मला म्हणता येत नाही. मी नुसता फुटलो.

तोर्दिस धावत आली. तिने गळ्यातला रुमाल सोडून लेकीच्या हाताला घट्ट बांधला. बर्फावर लाल ठिपके पडले होते. मग तिने ती मूठ उचलून उन्हात धरली. आत बर्फ चकाकत होता.

"काल धुतलास याला?"

"धुतला. समुद्रावरून आल्यावर. गोड्या पाण्याने, नेहमीसारखा."

"आणि वाळवलास?"

सिग्वेने गाडीकडे पाहिलं. रात्रभर मी ओलाच गाडीत होतो. खारं पाणी एवढ्या लवकर गोठत नाही, मित्रांनो. गोडं गोठतं.

अंगठा वळवणारी शीर तुटली होती. इस्पितळात ती जोडली, पण अंगठा पुन्हा वळेल का, हे कुणी सांगेना. दुकानाच्या काचेवर 'बंद' ची पाटी लागली. मी तोर्दिसच्या माशांच्या खोपटात जाऊन पडलो. भिंतीपलीकडेच घराचं स्वयंपाकघर, तिथलं बोलणं मला ऐकू यायचं.

"एक शब्द तरी बोल मला," सिग्वे म्हणायचा. "शिव्या घाल."

"डाव्या हाताने कॉफी ढवळतेय," ओद्नी म्हणायची. "शिव्या द्यायला उजवा लागतो."

दोघं हसायची, आणि मग डाव्या हातातला चमचा कपावर आपटत राहायचा. तो आवाज ऐकून मला उंदरांनी कुरतडून टाकावं असं वाटे. उंदरांनाही माझा वास आवडला नाही.

पुढच्या मार्चमध्ये एका सकाळी खोपटाचं दार उघडलं. ओद्नी होती, मागे तोर्दिस. ओद्नीच्या उजव्या हातात कात्री. अंगठा ताठ, पण कात्रीच्या कडीत बसलेला.

"माणसांच्या डोक्यांवर नको," ती म्हणाली. "आधी याच्यावर हात बसवते. याची हजामत राहिलीच आहे."

तिने मला फळीवर पसरलं. कात्री हवेत धरली. कच्. बराच वेळ गेला. तिच्या कपाळावर घाम आला. कच्.

मग तिने मला कापलं. पहिली पट्टी दात लागल्यासारखी वाकडीतिकडी, बाराच्या दोनातून गेलेली. दुसरी बरी. पाचवी सरळ. सहावी कापताना ती गुणगुणत होती. मला दुखलं का, असं विचाराल. खरं सांगतो, कुणाच्याही टाळ्यांनी इतकं बरं वाटलं नव्हतं.

"यातली कुठली घेऊ?" तोर्दिसने विचारलं.

"वाकडी घे. लक्षात राहील."

आता तळ्यावर, तोर्दिसच्या भोकाजवळच्या काठीला ती वाकडी पट्टी बांधलेली आहे. तीही मीच; एकाचा आकडा असलेलं उरलेलं कापड खोपटात आहे. येणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे बघतो. मी नुसता हललो तर एक पतंग, आडवा झालो तर त्याहून लहान. सिग्वेही येतो. त्याचे पतंग घरी दोरीवर वाळलेले असतात, लाल मूठ तो हातमोजे घालूनच दोनदा ओढून पाहतो, आणि दाराचा तक्ता त्याने कधीच काढून टाकला आहे.

मित्रांनो, तुमच्या वस्तू धुवा, पण वाळवाही. नव्या ठिकाणी गेलात तर आपला तक्ता खिशात ठेवा आणि तिथल्या माणसाला विचारा. त्याने लहान वस्तू पुढे केली, तर हसू नका.

काल वारा चांगलाच जोराचा होता. मी काठीवर पार आडवा झालो. सिग्वेने माझ्याकडे पाहिलं आणि सासूकडे हात पसरला.

"तोर्दिस, तुझा रुमाल दे."

तिने पाच नंबर काढून दिला.